घरी रेकॉर्डिंग-मिक्सिंगसाठी पीसी बांधतोय, प्रोसेसर आणि मदरबोर्ड कोणता घेऊ?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत घरच्याच एका खोलीत हार्मोनियम, तबला, गायक असं रेकॉर्ड करायचंय, क्युबेस (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) वापरता, आणि दुकानदाराने आय९ (इंटेलचा महागडा प्रोसेसर), लायटिंगवाला गेमिंग बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड असं कोटेशन हातात ठेवलंय, घेऊ का. नका घेऊ. ते कोटेशन वाचून मला थेट माझा साडू आठवला म्हणून एवढं टाईप करत बसलोय, नाहीतर दोन ओळीत सांगून मोकळा झालो असतो.

साडू पुण्यात आयटीत आहे. मी बेळगावात शहापूरला राहतो, दिवसा उद्यमबागेत नोकरी आणि रविवारी, सुट्टीला भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं. पीसी बांधला तेव्हा मी इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर घेतला, बी६६० चा साधा बोर्ड, आणि ग्राफिक्स कार्ड नाहीच. तर ह्या माणसाने सासुरवाडीला भर पंगतीत सांगितलं की हा टॅली चालवायचा पीसी आहे, ह्यावर म्युझिक होत नसतं. सासऱ्यांना काँप्युटरमधलं ओ का ठो कळत नाही, पण पुण्याचा जावई बोलला म्हटल्यावर तेच खरं. मी गप्प जेवलो. घरी येताना बायको म्हणाली, खरंच चुकीचं घेतलं काय हो? ते जास्त लागलं.

पुढच्या दिवाळीला साडू आला तो गाडीत आपला नवा कॅबिनेट घालूनच, पोराला सुट्टीत गेम खेळायला. आय९, मोठं ग्राफिक्स कार्ड, काचेतून पंखे रंग बदलतायत. त्याच आठवड्यात येळ्ळूरकडच्या एका मंडळाचं काकड आरतीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे ठरलेलं. साडू म्हणाला आज माझ्या मशीनवर करू, फरक बघ. म्हटलं करूया की. माझा इंटरफेस (माइकचा आवाज काँप्युटरात घेणारा आणि हेडफोनला देणारा डबा) त्याला जोडला, ड्रायव्हर टाकला, बफर, म्हणजे एका वेळी प्रोसेसरकडे जाणारा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवला, बुवांच्या कानावर हेडफोन चढवला. पखवाज लागला, टाळ सुरू झाले आणि पहिल्याच अभंगाला बुवांनी हात वर केला. "बाळा, टाळात तडतड येऊलंय बघ." साडू म्हणाला केबल. केबल बदलली. मग म्हणाला इंटरफेस खराब, मग म्हणाला तुमच्याकडची लाईटच तसली. मंडळी चहा पीत बसलीत, तडतड काही जाईना. शेवटी मी लेटन्सीमॉन चालवलं. हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते दाखवतं. सगळ्यात वर लाल रेघेत ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, त्याच्याखाली वायफायचा. मी काही बोललो नाही, इंटरफेस काढला, माझ्या टॅलीच्या पीसीला लावला, तोच बफर, आणि मंडळाने दुपारपर्यंत सगळे अभंग एका बैठकीत म्हटले. साडूचं म्हणणं, विंडोज अपडेट राहिलं असेल. राहिलं असेल बाबा.

आता तुमचं. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार सॅम्पल) १२८ चा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरने आवाजाचा एकेक तुकडा सगळ्या प्लगिनांतून (ईक्यू, रिव्हर्ब असली आवाजावर चढवायची सॉफ्टवेअरं) काढून बाहेर द्यायचा, नाही जमलं की तडतड. आणि एका ट्रॅकवर जी प्लगिनं एकाखाली एक लावता ती प्रोसेसरच्या एकाच कोरवर (आतला एक स्वतंत्र काम करणारा भाग) ओळीने चालतात, मास्टरवरची (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथली) पण तशीच. तिथे बाकीचे कोर नुसते बघत बसतात, पालखीला खांदेकरी वाढवले म्हणून ती लवकर पोचत नाही. म्हणून एकेक कोर किती वेगवान आहे ते बघायचं, कोर किती ते नंतर. १२४०० मध्ये सहाच्या सहा कोर मोठे आहेत, बारक्या कोरांची भेसळ नाही, मला तेच आवडलं. आज नव्याने घेणार असाल तर एएमडीचा रायझन ५ ७६०० पण उत्तम, त्याच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देणार असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका, त्यात स्वतःचं डिस्प्ले नसतं, मग आलंच परत ग्राफिक्स कार्ड. आणि दुकानदाराचा आय९ जर १३व्या किंवा १४व्या जनरेशनचा असेल तर त्याला विचारा, २०२४ मध्ये इंटेलने स्वतः कबूल केलं की जास्त व्होल्टेजने ते प्रोसेसर खराब होतायत, त्यावर मायक्रोकोड (बायोस, म्हणजे बोर्डातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून येणारी दुरुस्ती) काढला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. बायोस अपडेट करून देतो म्हणाला तरच पुढचं बोलणं.

बोर्डाचं एवढं डोकं खाऊ नका. इंटेल घेतला तर बी७६०, रायझन घेतला तर बी६५०. एच६१० नको, रॅमचे दोनच स्लॉट मिळतात आणि बहुतेकांत प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर हीटसिंकच नसतो, तास-दोन तास मिक्सिंग चाललं की तो भाग तापतो. इंटेलच्या ह्या बोर्डांत डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकार येतात, रॅम घ्यायच्या आधी बघून घ्या, एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. खोक्यावर ७.१ साऊंड वगैरे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, तुमचा आवाज इंटरफेसमधून जाणार. इंटरफेस मागच्या यूएसबीला लावायचा, पुढच्या पॅनलला नाही, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद.

हां, ग्राफिक्स कार्ड असलं की तडतड होतेच असं नाही, नवीन ड्रायव्हरवर कित्येकांचं बिनघोर चालतं, आणि व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर ते लागेलच. साठ-सत्तर सिंथ एकदम वाजवणार असाल तर जास्त कोरांचा उपयोग होतो, हे पण खरं. पण हार्मोनियम-तबल्याला नाही हो! कार्डाचे पैसे वाचतात त्यात ३२ जीबी रॅम आणि चांगली एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घाला, उरलेले यूपीएसला, आपल्याकडे लाईट कधी जाते आणि आली की किती व्होल्टेजने येते ते तुम्हाला मी सांगायला नको. जुन्या घरात असाल तर अर्थिंग आधी तपासा, हेडफोनमध्ये घूंऽऽ येतं ते बऱ्याचदा तिथलंच असतं, लोक उगाच बोर्ड बदलतात.

बिल मात्र पक्कं घ्या, निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, तिथला भाव पण एकदा काढून बघा. आणि इंटरफेस कोणता ते प्रश्नात लिहिलंच नाही तुम्ही. कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर कमी वेळात आवाज पोचवणारा) आहे की एएसआयओ४ऑलवर (कुठल्याही साऊंड कार्डाला चालणारा फुकटचा ड्रायव्हर) चालवताय? दुसरं असेल तर आधी ते बदला, प्रोसेसरचं नंतर बघू.