लेक बाळाकडे पाहतच नाही

प्रश्न : डॉक्टर, माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, देवगडजवळच्या गावी आली आहे. बाळ दीड महिन्याचं झालं. शेकशेगडी, अळिवाची खीर, कशात कमी नाही. पण ती दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडते. पेज वाडग्यात गार होते. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. काल म्हणाली, "तो तुझ्याकडेच बरा राहील." शेजारणी म्हणतात, बाहेरचं आहे, देवाला गाऱ्हाणं घाला. जावई मुंबईला असतात. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, गाऱ्हाणं घाला, पण डॉक्टर लांबणीवर टाकू नका. बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येतं. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत थांबतं. तुमच्या लेकीचं तसं दिसत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे. तो बरा होतो.

बाळ रडून झोपमोड होणं वेगळं आणि बाळ शांत असतानाही डोळ्याला डोळा न लागणं वेगळं. तुम्ही हे नेमकं टिपलंत, डॉक्टरांनाही याच शब्दांत सांगा. आणि तिचं कालचं वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. आज तिच्याजवळ बसून सरळ विचारा, "बाय, जीव नकोसा वाटतो का गो?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. ती हो म्हणाली, बाळाला इजा करण्याचं बोलली किंवा तिला नसलेले आवाज ऐकू आले, तर क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एरवीही याच आठवड्यात तिला दाखवा. दीड महिन्याच्या लसीला आपण बाळाचं वजन बघतो, आईला मात्र कुणी काही विचारत नाही, याची मला फार चीड येते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. गोळ्या लागल्याच, तर अंगावर पाजताना चालणाऱ्या असतात. गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच बंद करू नका.

रात्री दूध काढून ठेवून वाटी-चमच्याने तुम्ही पाजा, तिला सलग चार-पाच तास झोपू द्या. कोंदट खोलीतून तिला पडवीत आणा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं.

जावयांना आजच फोन करा. रजा काढून या, असं स्पष्ट सांगा. डॉक्टरांकडे जाताना ते तिच्यासोबत हवेत.