आधी भिंत कोणाची ते बघा, विनोद मागाहून

तुम्ही विचारलंय, गल्लीतल्या भिंतीवर खड्ड्यांवरून नगरसेवकाची खिल्ली उडवणारं चित्र काढलं तर पोलीस उचलतील का? मी वकील नाही. गणेश मंडळाचे देखावे रंगवत आलोय, त्यामुळे 'हे चालेल का हो?' हा प्रश्न दर भाद्रपदात कानावर पडतो.

देशद्रोहाची भीती तुमच्या मनात असेल, तर ती बहुधा व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्या प्रकरणामुळे. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या काळात त्यांनी संसदेला शौचकूप केलं, राजमुद्रेतल्या सिंहांचे लांडगे केले. सप्टेंबर २०१२मध्ये मुंबईत अटक झाली, देशद्रोहाचं कलम १२४ अ लागलं. ओरड झाल्यावर सरकारने ते कलम मागे घेतलं. पुढे मार्च २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जे म्हटलं ते मला फार आवडतं: या चित्रांत ना विनोद आहे ना उपरोध, नुसता संताप आणि तिटकारा आहे, पण तेवढ्यावरून अभिव्यक्तीवर गदा आणता येत नाही. गुन्हा ठरायला हिंसेला चिथावणी असावी लागते. म्हणजे चित्र फसलं तरी चालतं! (आमच्या मंडळाला हा निकाल फ्रेम करून द्यायला हवा.)

तरी हुरळून जाऊ नका. निकाल अडीच वर्षांनी आला, कोठडी आधी. २०२२च्या गणेशोत्सवात कल्याणच्या एका मंडळाने शिवसेनेतल्या फुटीवर देखावा केला. पोलिसांनी तो जप्त केला आणि मंडळाला उच्च न्यायालय गाठावं लागलं. ऐन गणपतीत कार्यकर्ते वकिलाच्या ऑफिसात!

तुमच्या बाबतीत खरी अडचण भिंतीची आहे. महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तुम्ही नगरसेवकाला हसलात की त्याचा जयजयकार केलात, याने फरक पडत नाही. निदान कागदावर तरी. वाढदिवसाचे फ्लेक्स महिनाभर लटकतात आणि टोमणा मारणारं चित्र सकाळच्या आत चुन्याखाली जातं, हे मी स्वतःच्या चित्राच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून मालकाची आणि पालिकेची, दोन्ही परवानग्या लेखी घ्या.

दुसरं, चित्राखाली 'याने इतके लाख खाल्ले' असं लिहू नका. पुरावा नसेल तर ती सरळ बदनामी. पोट सुटलेला, खड्ड्यात होडी वल्हवणारा नगरसेवक काढा, आकडा नको. जात-धर्म तर अजिबात आणू नका. तिथे भावना दुखावायला चित्र बघावंही लागत नाही.

खरं तर भिंतच कशाला हवी? २०१५मध्ये बंगळुरूत बादल नंजुंडस्वामी या कलाकाराने पाण्याने भरलेल्या खड्ड्यात फायबरची मगर आणून ठेवली. कुणाचं नाव नाही, एक अक्षर नाही. पालिकेने खड्डा बुजवला. तुमच्या खड्ड्यात मगर मावेल का, ते आधी मोजून बघा.