भूत दिसतं खरं, पण सांगतंय कोण?

तुमच्या कादंबरीत भूत पाहणारी आणि खुनाचा छडा लावणारी मुलगी एकच आहे, सांगतेही तीच. मग ही रहस्यकथा की गूढकथा, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी प्रकार ठरवत नाही. पेन्सिल घेऊन प्रत्येक अद्भुत प्रसंगाशेजारी लिहितो: हे कुणी पाहिलं? तिनं एकटीनं, चारचौघांनी, की नुसतं ऐकीव? हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या भुताच्या गोष्टीत (१८९८) अशा खुणा केल्या की लक्षात येतं, भुतं पाहिल्याचं फक्त गोष्टीतली शिक्षिकाच सांगते. तेही तिच्या हस्तलिखितातून, दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं. तिला उलटून विचारायची सोयच नाही! घटनेमागचं कारण नैसर्गिक की अलौकिक, या दोहोंत वाचक अडकलेला असतो तोवरच अद्भुत टिकतं, असं तोदोरोव या समीक्षकानं १९७० साली मांडलं. गूढकथेला ही अडकण पुरते. रहस्यकथेला मात्र हिशेब चुकता करावाच लागतो. म्हणून एक बघा: खुनाचा एखादा दुवा केवळ भुतानं सांगितला म्हणून सापडतो का? तोच दुवा आधी कुठे वाचकासमोर आला नसेल, तर रहस्याच्या बाजूनं लेखकानं फसवलंय, असं मी म्हणेन.

आम्ही नाशिककर गोदेचा पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. मूर्ती जागची हलत नाही, म्हणून पाणी किती चढलं ते कळतं. (पावसाळ्यात लोक खास तेवढं बघायला घाटावर येतात.) तुमच्या कादंबरीतला असा मारुती, म्हणजे जागची न हलणारी खूण, शोधा. समजा, पहिल्या प्रकरणात माजघरात पाच खुंट्या आहेत आणि पुढे ती सहज सहाव्या खुंटीला पदर अडकल्याचं सांगते. तिथे माझ्या अंगावर काटा येतो, कारण वाड्यात काहीतरी आहे किंवा तिच्या सांगण्यात तरी. असं काही आधी रोवलेलं नसेल, तर करकरणारी दारं कितीही वाजवा, भीती चढत नाही.

शेवटी काळ तपासा. ती हे किती वर्षांनी सांगतेय? मागाहून सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ती काहीतरी राखून ठेवतेय. 'तेव्हा मला कळलं नाही' असं ती पहिल्यांदा जिथे म्हणते, त्या पानापासून पुन्हा वाचायला घ्या.