‘सगळं घरपोच मिळतं, तरी बाबा गप्प का?’

मी समुपदेशक. २०२० च्या एप्रिलपासून माझ्या फोनवर मुलामुलींचा एकच प्रश्न फिरून फिरून येई. ‘‘मॅडम, किराणा दारात येतो, औषधं येतात. बाबांना काही कमी नाही. मग ते असे गप्प का झालेत?’’ साथ सरली, प्रश्न सरला नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेल्या आईबद्दलही तो तसाच येतो. म्हणून एका काकांची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

पुण्यातले, वय ७६, ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस. मार्चमध्ये संघाच्या खोलीला कुलूप लागलं, पुढे ६५ वर्षांवरच्यांनी घरातच थांबावं अशी सरकारी सूचना आली. आसपासच्या तरुणांनी चोख काम केलं. भाजी, गोळ्या, शिवाय रविवारी ऑनलाइन कार्यक्रम. काका त्यात कॅमेरा बंद ठेवून बसत.

माझी घडण विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीची. माणूस स्वतःशी काय बोलतो ते आधी ऐकायचं, मग त्यातलं अविवेकी ते खोडायचं. काका स्वतःशी म्हणत, ‘मी आता ओझं.’ तीन आठवडे मी ते वाक्य खोडायला बघत होते. ते दर वेळी ‘‘बरोबर आहे तुमचं’’ म्हणायचे आणि फोन ठेवायचे. आमच्या कामात हे शब्द ऐकू आले की समजावं, आपलंच कुठेतरी चुकतंय.

चौथ्या वेळी विचारलं, ‘‘काका, या आठवड्यात कुणी तुमच्याकडे काही मागितलं?’’

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

‘‘मागायला आहे काय माझ्याकडे? सगळे देऊन जातात.’’

‘‘आणि संघात?’’

‘‘तिथे काय... कुणाला फॉर्म भरून हवा, कुणाला बँकेचं पत्र वाचून हवं. हजेरी माझ्याकडे. दोन दिवस कुणी दिसलं नाही की घरी जाऊन बघायचो.’’

‘‘वही कुठाय?’’

‘‘कपाटात.’’

‘‘काढा बरं.’’

त्यांचं वाक्य मी खोडत बसले होते आणि ते तर खरंच होतं! मदत करता करता आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं होतं.

वहीत ५८ नावं. कितीतरी जणांकडे साधे बटणांचे फोन, त्यामुळे रविवारचा कार्यक्रम त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. काकांना ते ठाऊक होतं. विचारलं कुणी नव्हतं. मग रोज दहा फोन, ‘‘हजर?’’ एवढ्यावर सुरू. नोव्हेंबरात पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला करून देऊ लागले, तेव्हा संघातल्या केंद्र सरकारी पेन्शनरांना ते कळवायचं कामही काकांनी ओढून घेतलं. एकदा मलाच म्हणाले, ‘‘मॅडम, आपली वेळ बदला. अकराला माझी हजेरी असते.’’ माझ्या वेळेला मिळालेला हा नकार मी अजून मिरवते.

तेव्हा ‘जेवलात का, गोळी घेतली का’ जरूर विचारा, पण तेवढ्यावर फोन ठेवू नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा. लोणच्याचं प्रमाण, जुन्या घराच्या कागदांचा उलगडा, नातवाची गणितं. मात्र खरंच लागणारं मागा. उगाच दिलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं. आणि संघ-सोसायट्या चालवणाऱ्यांनो, पुढच्या वेळी याद्या कराल तेव्हा ‘कुणाला काय हवं’ याच्या शेजारी ‘कोण काय करू शकेल’ असाही रकाना आखा. तो मुलांना विचारून भरू नका, थेट आजी-आजोबांना फोन लावा.