वाचकांचे प्रश्न : वीणा मोडली तर सूर कुठे जातो?

प्रश्न : प्लेटो आत्म्याला अमर मानतो, त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल मात्र आत्मा देहापासून वेगळा काढता येत नाही असे म्हणतो. हे दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत होते का?

उत्तर : आत्म्यासाठीचा ग्रीक शब्द एकच होता, ‘प्सीखे’, पण प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात मरणाऱ्याला सोडून जाणाऱ्या प्राणापुरता असलेला हा शब्द प्लेटोपर्यंत येताना विचार करणारा, चांगले-वाईट ठरवणारा ‘मी’ झाला होता. प्लेटोच्या ‘फायडो’ या संवादात, इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसच्या मृत्यूच्या दिवशी, त्याच्याशी चर्चा करणारा सिमियास एक अवघड शंका काढतो : आत्मा म्हणजे वीणेच्या सुरांचा मेळ असेल, तर वीणा मोडल्यावर तो उरेल कसा? सॉक्रेटिस म्हणतो की मेळ वीणेच्या तारांविरुद्ध जाऊ शकत नाही, पण तहानलेल्या माणसालाही आत्मा पाण्यापासून परावृत्त करू शकतो. हे उत्तर चतुर आहे, मात्र माझ्या मते शंका त्याहून बळकट आहे.

अ‍ॅरिस्टॉटल प्रश्नच बदलतो. डोळा हा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरला असता, असे तो सांगतो. दृष्टी गेलेला डोळा पुतळ्याच्या डोळ्यासारखा नावापुरताच डोळा. म्हणजे आत्मा ही देहात राहणारी वेगळी वस्तू नव्हे, तर सजीव देहाची जगण्याची क्षमता. त्यामुळे वनस्पतींनाही पोषणाचा आत्मा मिळतो. केवळ बुद्धीबाबत तो अडखळतो आणि तिचा एक अंश अविनाशी मानतो, ज्यावर भाष्यकार पुढे शतकानुशतके भांडत राहिले.