सासरच्या रँचवर परक्या बाईचा कागद (उत्तर जरा लांबलंय)

पत्र्याच्या पेटीत १९१७चं जमिनीचं पेटंट (सरकारने जमीन नावावर करून दिल्याचा मूळ कागद), ३२० एकर, त्यावर परक्या आडनावाच्या बाईचं नाव, आणि सासूबाई म्हणतात, "आमच्यात या नावाचं कुणी नव्हतं." तुमची पोस्ट मी नवऱ्याला इंग्रजीत सांगितली तर तो म्हणाला, टोपणनावाने तूच लिहिलंस की काय? पूर्व माँटॅना, गुरांचा रँच, बाईच्या नावचा कागद, आणि विषय निघाला की टाकीत पाणी आहे का बघायला उठणारी वडीलधारी मंडळी. आमच्या घरी तंतोतंत हेच होतं.

बीएलएमच्या (अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याच्या) साइटवर पेटंट शोधणं, सेन्सस चाळणं हे तुम्ही केलंच असेल, ते लिहीत नाही. डीएनए चाचणीने सुरुवात करू का, असं विचारलंय. नको. त्यावर पुढे लिहिते. आणि मी वकील नाही. जमिनीच्या हक्काचा प्रश्न असेल तर माझ्या भरवशावर काही करू नका.

आधी एक गोष्ट. बाईच्या नावाने पेटंट असण्यात संशय घेण्यासारखं काही नाही. अविवाहित किंवा विधवा बाईला होमस्टेडचा दावा करता यायचा, म्हणजे सरकारी जमिनीवर राहून, ती कसून आपल्या नावावर करून घेता यायची. १९०९च्या कायद्याने कोरडवाहू भागात ३२० एकर मिळू लागले, १९१२ साली राहण्याची अट पाच वर्षांवरून तीनवर आली, आणि शिक्षिका, नर्सेस, दुकानात काम करणाऱ्या मुली अशा कितीतरी जणींनी माँटॅनात जमिनी घेतल्या. पेटंट हे त्या सगळ्या उद्योगाचं शेवटचं पान. खरा ऐवज वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमधल्या फाइलमध्ये असतो. पेटंटवरचा नंबर देऊन ती मागवता येते. पैसे पडतात, पण या सगळ्या खटाटोपात तेवढेच पैसे सत्कारणी लागले असं मी म्हणेन.

आमच्या फाइलमध्ये, अटी पाळल्या हे सांगणाऱ्या शेवटच्या जबानीचा छापील फॉर्म होता. घर किती बाय किती, विहीर आहे का, किती एकर नांगरले, कुंपण किती, घर सोडून कधी आणि का गेलात. बाईंनी शाईने उत्तरं लिहिली होती. एक खोली, टारपेपरचं (डांबरी कागदाचं) छप्पर. गैरहजेरीच्या रकान्यात हिवाळ्यात शाळा शिकवायला गेल्याचं, आणि एका वर्षी "बाळंतपणासाठी माइल्स सिटीला". कुटुंबाच्या रकान्यात: अविवाहित, एक मुलगी. बापाचं नाव फॉर्म विचारत नाही, त्यांनीही दिलेलं नाही. पण अशा जबानीला दोन साक्षीदार लागतात, आणि त्यातले एक होते माझ्या नवऱ्याचे पणजोबा.

मग १९२०चा सेन्सस परत काढला. पणजोबांच्या आईच्या घरात एक लहान मुलगी, नातं "नात". १९३०च्या सेन्ससमध्ये तीच मुलगी, त्याच घरात, नातं "मुलगी". घरात सगळे तिला पणजोबांची धाकटी बहीण समजत आले. आम्ही हे शोधत होतो तेव्हा त्या हयात होत्या, नव्वदी ओलांडलेल्या, डोकं लख्ख. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मी विचारल्यावर एकच वाक्य बोलल्या: "एका डॉलरला गेली माझ्या आईची जमीन."

कारण १९१८ सालचं खरेदीखत त्यांनी पाहिलेलं होतं. जमीन बाईंकडून पणजोबांच्या नावावर, मोबदला "एक डॉलर आणि इतर मौल्यवान मोबदला". त्या तुकड्यात बारमाही झरा होता. कोरड्या मुलखात पाणी ज्याचं, भोवतालचं रान त्याचं. म्हणजे मूल घरात, जमीन खिशात आणि बाईला वाटेला लावलं, अशी कथा आपोआप तयार होते. कुटुंबातल्या एका शाखेने ती मनात ठेवली, दुसरीने "तसं कुणी नव्हतंच" म्हणून मिटवून टाकली.

आता ज्या कचेरीने आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तिच्याबद्दल. नाव घेणार नाही. जमीन आज ज्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) आहे तिथल्या काउंटरवर मी मूळ दस्ताबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, आमच्या वहीत आहे तेच मूळ, दुसरीकडे जायची गरज नाही. ईमेल केली, तेच उत्तर. फी भरून शोध मागितला, त्याच पानाची तीच झेरॉक्स पुन्हा आली, वर शिक्का. फोटो काढू का विचारलं तर नाही. आणि शुक्रवारी दुपारनंतर जाल तर कुलूप.

काउंटरवरच्या बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांना माहीतच नव्हतं. पण माहीत नसताना "गरज नाही" म्हणायची गरज काय होती? १९१८ साली ती काउंटी अस्तित्वातच नव्हती! माँटॅनात १९१०च्या सुमारास २८ काउंट्या होत्या, १९२५पर्यंत ५६ झाल्या. होमस्टेडर लोंढ्याने आले आणि जो तो आपल्या गावात कोर्टहाउस मागू लागला. पावडर रिव्हर १९१९ साली कस्टरमधून निघाली, गारफील्ड त्याच साली डॉसनमधून, पेट्रोलियम १९२५ साली फर्गसमधून. नव्या काउंटीला जमिनीचे जुने दस्त वहीत उतरवून दिले जात. तुम्हाला गावाकडचा सातबारा हाताने उतरवून घेतलेला आठवत असेल तर पुढचं सांगायला नको: उतरवणारा कंटाळतो आणि त्याला बिनमहत्त्वाचं वाटतं ते गाळतो.

आमच्या वहीत गाळलेली ओळ महसुली तिकिटांची (स्टॅम्पची) होती. डिसेंबर १९१७पासून अशा खरेदीखतावर केंद्रीय महसुलाची तिकिटं लावावी लागत, साधारण दर ५०० डॉलरला ५० सेंट. मातृकाउंटीच्या, म्हणजे जिच्यातून ही काउंटी निघाली तिच्या, कचेरीत जुनं रजिस्टर मागितल्यावर तिथल्या माणसाने तळघरातून ते आणून टेबलावर ठेवलं आणि कॉफी घेणार का विचारलं. दस्ताच्या शेवटी, वेगळ्या शाईत: तिकिटं दीड डॉलर, रद्द केली. म्हणजे हजाराच्या वर आणि दीड हजार डॉलरपर्यंत मोबदला दिला गेला होता. जमिनीवर आधीचं कर्ज असेल तर ते यात धरत नसत, एवढं लक्षात ठेवा.

"एक डॉलर" हा त्या काळचा ठरीव मजकूर होता, खरी किंमत शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. तो वाचून कुणाला चोर ठरवू नका, साधूही ठरवू नका. युद्धामुळे सरकारने १९१७च्या गव्हाला बुशेलमागे (धान्याच्या तिकडच्या मापामागे) २.२० डॉलर भाव बांधून दिला होता, जमिनी चढ्या होत्या, आणि झऱ्याचा तुकडा एकरी पाच डॉलरच्या आत गेला. पणजोबांनी स्वस्तात घेतली असं मला आजही वाटतं. फुकट मात्र लाटली नाही.

हे रजिस्टर हाताशी आलं तेव्हा आमच्या त्या नव्वदीच्या आत्या गेल्या होत्या. त्या काउंटरवरून पहिल्या दिवशी नुसतं "जुन्या काउंटीत विचारून बघा" एवढं म्हटलं असतं तर त्यांना तो आकडा दाखवता आला असता. माझा राग अजून गेलेला नाही, तेव्हा त्या कचेरीबद्दल वर लिहिलंय त्यातला सूर सांभाळून वाचा. छोट्या काउंट्यांमध्ये दोन माणसं दहा खाती सांभाळतात हेही खरं.

तर, जमीन आज कुठे आहे ते विसरा, त्या तारखेला कुठल्या काउंटीत होती ते काढा. आणि एकाच इमारतीत दोन वेगळ्या कचेऱ्या असतात: दस्त क्लर्क अँड रेकॉर्डरकडे, लग्नाचे परवाने, घटस्फोट आणि वारसाची प्रकरणं डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्लर्ककडे. एकीने "नाही" म्हटलं तर ते फक्त तिच्यापुरतं. दस्त नव्या काउंटीत उतरवले गेले तरी कोर्टाच्या जुन्या फायली बहुतेक वेळा मातृकाउंटीतच राहतात.

वर्तमानपत्रं सोडू नका. जबानीआधी स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागे आणि तीत चार साक्षीदारांची नावं असत, जबानी त्यातल्या दोघांची होई. तेच तिचे शेजारी. माँटॅनाचे जुने पेपर हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर फुकट आहेत. ब्रँडची, म्हणजे गुरांना डागून केलेल्या मालकीच्या खुणेची, नोंदही बघा. बाईच्या नावाने ब्रँड असेल तर तिची स्वतःची गुरं होती, ती नुसती नावाला उभी केलेली नव्हती. तोच ब्रँड डाव्या बरगडीवर एकाचा आणि उजव्या मांडीवर दुसऱ्याचा असू शकतो, तेव्हा जागेसकट टिपा. जमीन क्रो किंवा फोर्ट पेकसारख्या रिझर्व्हेशनच्या (मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या मुलखाच्या) हद्दीत येत असेल तर मात्र मी वर लिहिलेलं बरंचसं लागू नाही. तिथे १८८७च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांनी वाटलेल्या जमिनी मूळ मालकांच्या हातून कशा गेल्या हा वेगळा आणि जास्त काळा इतिहास आहे. तिथे तुमचं पेटंट काय प्रकारचं आहे तेच आधी बघावं लागेल.

सासूबाईंबद्दल. त्या लाजेपोटीच विषय बदलतात असं धरून चालू नका. पूर्व माँटॅनात तेल आहे, आणि जुन्या दस्तात खनिजांचे हक्क कुणी राखून ठेवले असतील तर शंभर वर्षांनी कुणाचे तरी वारस उगवू शकतात. बाहेरून आलेली सून पेटी उघडून "ही बाई कोण?" विचारते तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे वकील उभा राहतो. मला हे दिरांनी एका थँक्सगिव्हिंगला, दोन बियरनंतर, स्पष्ट सांगितलं. त्यानंतर मी प्रत्येक कागद आधी सासूबाईंना दाखवायला लागले, मग नवऱ्याला. वातावरण बदललं. त्या स्वतःहून बोलल्या नाहीत, पण एक दिवस फोटोंचा खोका माझ्यापुढे सरकवून भांडी घासायला गेल्या.

डीएनए चाचणी यासाठीच शेवटी. नातं आहे की नाही एवढंच ती सांगते, आणि तेही तुमच्याआधी एखाद्या अनोळखी चुलत भावंडाच्या स्क्रीनवर झळकू शकतं. शिवाय चाचणी तुमची नाही, नवऱ्याची किंवा सासूबाईंची लागेल. त्यांना विचारल्याशिवाय चाचणीची नळी मागवू नका, नाताळच्या सेलमध्ये कितीही स्वस्त मिळाली तरी.

पेटंटवरचं सेक्शन, टाउनशिप आणि रेंज (जमिनीची जागा सांगणारे मोजणीचे आकडे) इथे टाका. बाईंचं नाव नको, वारस कुठे वाचत असतील सांगता येत नाही. १९१७ साली तो तुकडा कुठल्या काउंटीत पडत होता ते माझ्याकडच्या जुन्या नकाशांवर बघून कळवते, शनिवारपर्यंत.