जेकिल चांगला आणि हाइड वाईट, असं लिहिलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’वर निबंध लिहायचाय, तर जेकिल म्हणजे चांगुलपणा आणि हाइड म्हणजे दुष्टपणा अशी मांडणी केली तर चालेल का?

नाही चालणार. सिनेमांमुळे ही समजूत पक्की झाली आहे, पण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची १८८६ची लघुकादंबरी तसं म्हणत नाही. तिच्यात डॉ. जेकिल स्वतः बनवलेलं औषध पिऊन मि. हाइड होतो. हाइड निव्वळ दुष्ट आहे, हे खरं. पण त्याच्यासमोर निव्वळ चांगला असा कोणी उभाच नाही. जेकिल औषध घेण्याआधी जसा होता तसाच राहतो, बऱ्यावाइटाची सरमिसळ. निबंधाचा पाया हाच धरा. हाइड शेवटी वरचढ का ठरतो, तेही यातूनच उलगडतं: जेकिलमधला वाईट अंश त्याला आधीच फितूर आहे.

दहावं, म्हणजे शेवटचं प्रकरण दोनदा वाचा. तो जेकिलचा कबुलीजबाब आहे. हाइड अंगाने लहान आणि वयाने तरुण का? तर जेकिलच्या आयुष्याचा नऊ-दशांश भाग संयमात गेला, वाईट बाजू फारशी वापरलीच गेली नव्हती. औषधाबद्दलही तो स्पष्ट बोलतो. ते सैतानी नाही आणि दैवीही नाही, त्याने फक्त कोठडीचं दार उघडलं. त्या वेळी आत जो जागा होता, तो बाहेर पडला. हेतू उदात्त असता तर देवदूत निघाला असता. सगळा दोष औषधाच्या माथी मारणारे निबंध इथे फसतात.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रीजंट्स पार्कमधला प्रसंग. हाइडने केलेल्या सर डॅनव्हर्स कॅर्यू या वृद्ध खासदाराच्या खुनानंतर जेकिल हाइडला कायमचा सोडतो आणि काही महिने लोकांची दुःखं हलकी करण्यात घालवतो. मग पुन्हा पाय घसरतो, आणि नीट पाहा, या वेळी औषध न घेता, जेकिलच्याच देहात. त्यानंतर जानेवारीतल्या एका स्वच्छ दिवशी तो बाकावर उन्हात बसलेला असतो. इतर लोक किती बेपर्वा, आपण मात्र किती परोपकारी, असा विचार त्याच्या मनात येतो. नेमक्या त्याच क्षणी पोटात ढवळतं, कपडे अंगावर ढगळ होतात आणि गुडघ्यावरचा हात शिरा तटतटलेला, केसाळ दिसतो. दुष्टपणाने नव्हे, आपल्या सज्जनपणाच्या गर्वाने हाइड बाहेर आला. निबंधात एकच प्रसंग घ्यायचा असेल तर हाच घ्या आणि त्यावर निदान एक पूर्ण परिच्छेद लिहा.

जोडीला तिसऱ्या प्रकरणातलं जेकिलचं वर्णन घाला: पन्नाशीचा, धिप्पाड, गुळगुळीत चेहऱ्याचा, पण चेहऱ्यावर किंचित लबाडीची छटा. घराचाही उल्लेख हवाच. पुढचं दार प्रतिष्ठित चौकात, मागचं रंग उडालेलं, घंटा नसलेलं दार गल्लीत, आणि वास्तू एकच.

शेवटी क्षाराचा, म्हणजे औषधात घालायच्या रासायनिक पुडीचा मुद्दा, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पहिला साठा संपल्यावर जेकिल नवा मागवतो. मिश्रण फसफसतं, रंग पहिल्यांदा बदलतो, दुसऱ्यांदा बदलत नाही, आणि औषध लागू पडत नाही. पूल नावाच्या नोकराकरवी तो लंडन पालथं घालतो. आधी त्याला वाटतं, नवा माल भेसळीचा आहे. मग त्याची खात्री पटते, की भेसळ पहिल्याच साठ्यात होती आणि औषधाचा गुण त्या भेसळीतच होता.